जागत्या आत्याची झोप

औरंगाबाद, ८ फेब्रुवारी १९९९

आत्या,

मराठीत पत्र लिहायची माझी ही पहिलीच वेळ. वर काय लिहायचं, खाली काय लिहायचं ते आईनं फोनवर सांगितलं, पण तसं लिहून बघितलं तर वाटलं की दुसराच कुणी तुझ्याशी बोलायलाय. म्हणून जसं बोलतो तसंच लिहितो. पाचवीपासून इंग्लिश मीडियमच्या बोर्डिंगला टाकलं की असं होतं. चुकलं तर हसू नको. का हसच. हसलीस तर बरं वाटंल.

तीनदा फोन केला. कड्याला धाकट्या आत्याच्या शेजारी फोन हाय, ते बोलवून आणतात, आणि दर वेळी धाकटी आत्याच येते. एकदा म्हणली, ती देवळात गेलीय. एकदा म्हणली, कारखान्याकडं गेलीय. तिसऱ्यांदा नुसतं "अभ्यास कर" म्हणली. तू सगळ्यांशीच बोलायचं सोडलंस का माझ्याशीच?

अप्पा म्हणले की पंचवीस तारखेला सकाळी सातच्या एस.टी.नं गेलीस, एक पिशवी घेऊन. त्यांना वाटलं आठ दिवस बहिणीकडं राहून येशील. आईनं तुझी गादी गुंडाळून ठेवलीय. विधवा होऊन माहेरी आलीस तवापासून तू सिरसाळा सोडून दोन रात्रीच्या वर कुठं राहिली न्हाईस, असं ती म्हणते. मला सांभाळायला तर तूच होतीस. आई दुकानात अप्पांच्या हाताखाली, आणि मी तुझ्या मांडीवर.

तुळजाबाई गेली ते तू मनाला लावून घेतलंस, हे कळतंय. पण ऐक माझं. सत्तरीची बाई, दम्याची, पायाला सूज. डॉक्टर अप्पांना म्हणले की कुणी जागं असतं तरी काही करता आलं नसतं. मुलगा आणि सून ऊस तोडायला गेलेले, तिच्यापाशी बसायला होतं कोण? तू आणि भामाबाई. एक रात्र तू, एक रात्र ती. तू नसतीस तर ती कधीच गेली असती. बावीस वर्षं जिला धड झोप न्हाई तिचा एका रात्री डोळा लागला, तर ह्याच्यात गुन्हा कसला?

तुला मी ह्यातलं सायन्स सांगतो, मंग तुला हलकं वाटंल. तू मला कितीदा विचारलंस की माझ्या डोक्यात काय चालतं रातभर ते सांग. आता मी फार्मसीच्या तिसऱ्या वर्षाला हाय, थोडं थोडं सांगू शकतो.

आपल्याकडं आधी हातानं चालवायचं टेलिफोन एक्स्चेंज होतं न, सटवामामा बसायचा बघ कानाला लावून. समोर भोकांची पाटी, हातात दोऱ्या. परळी पाहिजे म्हणलं की दोरी खुपसायची, बोलणं संपलं की उपसायची. मेंदू तसाच हाय. दिवसा सगळ्या दोऱ्या खुपसलेल्या. कान, डोळे, काळजी, आठवणी, सगळे एकमेकांशी बोलायलेले. रात्री त्या एकेक करून उपसल्या गेल्या पायजेत. त्या उपसायला मेंदूत एक केमिकल असतं, त्याला गाबा म्हणतात. गाडीच्या ब्रेकसारखं काम करतं ते. ज्यांची झोप वर्षानुवर्षं गेलेली असते त्यांच्यात हा ब्रेक कमी पडत असंल, असं मला वाटतं. त्यांच्या डोक्याला तारा लावून बघितलंय लोकांनी. झोपेत बी जागेपणाच्या लहरी चालूच राहतात. मालक निजला तरी एक्स्चेंज चालूच.

तुझ्या हरभऱ्यावरून मला हेच दिसलं. दिवाळीच्या सुट्टीत चौदा रात्री तू माझ्यासाठी वाटीत हरभरे टाकलेस. घड्याळाचे तासाचे ठोके ऐकू आले की एक हरभरा. सकाळी मी मोजायचो आणि वहीत लिहायचो. एका सकाळी तू म्हणलीस, डोळ्याला डोळा लागला न्हाई. आणि वाटीत नऊ पायजे होते तिथं सात निघाले. म्हणजे दोन तास तू झोपलीस आणि तुलाच कळलं न्हाई. केवढी चिडलीस. "व्हय रे, मला खोटं पाडायला हरभरे दिलेस का?" आई पोट धरून हसत होती.

तर तुझ्यात दोष न्हाई. लोक म्हणतात तसं महादेवाचं वरदान बी न्हाई. केमिकल हाय. एवढं समजून घे आणि घरी ये.

तुझा
वीरेश


औरंगाबाद, १७ फेब्रुवारी १९९९

आत्या,

शिवरात्रीला गेलतो घरी. तू येशील असं वाटलं होतं. दर वर्षी तूच तर जागर चालवतेस.

ह्या वर्षी भामाबाई पुढं बसलती. नऊला चांगली सुरुवात झाली, पण साडेबारा वाजता एकेक बाई उठायला लागली. कुणाचं लेकरू रडायलंय, कुणाला कंबर धरलीय. दीड वाजता भामाबाई आणि दोन म्हाताऱ्याच राहिल्या. गुरव हरिबा पायरीवरून अप्पांना म्हणला, "भीमाशंकर, तुमची बहीण न्हाई तर आता देवाला जागं कोण ठेवणार?" प्रेमानंच म्हणला तो.  अप्पा घरी येऊन हातपाय न धुता झोपले.

मला तवा कळलं की मी मागच्या पत्रात काय लिहून बसलो. केमिकल हाय म्हणलं. गावात कुणाच्या घरात बाळंतीण असू दे, तापाचं लेकरू असू दे, मयत असू दे, रात्री बसायला पहिला निरोप तुलाच. जागती आत्या. लोक तुला नावानं कमी आणि असंच जास्त ओळखतात. जी गोष्ट तुला खाऊन टाकत होती तिच्यातनं तू दुसऱ्यांच्या उपयोगाचं काहीतरी काढलंस, आणि मी ते एका ओळीत पुसलं.

आणखी एक सांगतो. सकाळी हॉटेलवर चहाला गेलतो. सटवामामा आणि तीन-चार जण बसलते. तुझी गोष्ट निघाली. मामा म्हणला, "जागती आत्या झोपली अन् यमानं डाव साधला." सगळे हसले. मी बी हसलो. कप हातात होता, सगळे हसायलेत म्हणून हसलो. मंग मामाला आठवलं की मी तुझा भाचा हाय, तर तोच गप बसला. मी न्हाई.

आता जे सांगायला बसलो ते सांगतो. दोन दिवस झाले हे पान असंच ठेवलंय.

त्या रात्री तुला झोप आपोआप लागली न्हाई. मी तुझ्या दुधात गोळी घातलती.

औरंगाबादेत मी ज्या मेडिकलवर काम शिकायला जातो तिथून घेतलती, कुणाला न विचारता. तू सांजेची लिंगपूजा करून हळदीचं दूध घेतेस, त्यात अर्धी गोळी वाटून टाकली. ही गोळी तोच ब्रेक जोरात दाबते, म्हणजे गाबाचं काम वाढवते. मला बघायचं होतं की तुला झोप येते का. आली तर माझं बरोबर, की तुझ्यात ब्रेकच कमी हाय. सकाळी उठलीस की सांगणार होतो. वाटलं होतं, तू मला जवळ घेशील, म्हणशील, पोरा, बावीस वर्षांनी झोपले.

त्या रात्री भामाबाईची पाळी होती, म्हणून मी तो दिवस धरलता. भोगीचा आदला दिवस. तू घरीच राहणार होतीस. मंग भामाबाईकडं सणाचे पाहुणे आले आणि ती आठ वाजता सांगायला आली की आज तुमी जाता का. मी तवा हॉटेलवर होतो. नऊला घरी आलो तर तू गेलतीस. मला काय माहीत.

म्हणून म्हणतो, तुझा काही दोष न्हाई. तू झोपली न्हाईस, तुला झोपवलं. हे सगळ्यांना सांगायला पायजे हे मला कळतंय, पण अप्पांना सांगितलं तर ते मला कॉलेजातनं काढतील, आणि मेडिकलवाल्याला कळलं तर ते बी बघून घेतील. थोडा वेळ दे. तू फक्त एक ओळ लिही.

वीरेश


औरंगाबाद, ३ मार्च १९९९

आत्या,

तुझी एक ओळ आली न्हाई. बरोबर केलंस. ज्याच्यात निम्मं खोटं हाय त्या पत्राला काय उत्तर द्यायचं.

मी हॉटेलवर नव्हतो. तुझ्यासमोर बाजेवर बसलतो, पायावर पांघरूण घेऊन, मांडीवर वही. तुला आठवत असंल आणि तू वाचून गप बसली असशील. भामाबाई दारातच उभी राहून म्हणली, "आज तेवढं सांभाळून घ्या आत्या, नणंद आलीय." तू म्हणलीस, "त्यात काय, मला कुठं झोप हाय." दूध पिऊन तुला पाऊण तास झालता. मी सगळं ऐकलं. तू शाल घेतलीस, चष्मा विसरलीस, परत आत आलीस, माझ्यापुढनं दोनदा गेलीस. तोंड उघडायला मला केवढा वेळ होता.

मला भीती वाटली की तू रागावशील. हे खरं हाय. पण त्याच्याहून खरं दुसरं हाय. मला वाटलं, बरंच झालं. घरात झोप लागली तर कुणी म्हणलं असतं, थंडी होती, दमली असंल. पण जागायला म्हणून बसलेली जागती आत्या झोपली, तर गोळीचा पुरावा केवढा पक्का. हा विचार मी तवाच्या तवा, त्या बाजेवर बसून केला. तू चपला घालत होतीस.

आणि डॉक्टर तसं काही म्हणलेच न्हाईत. पहिल्या पत्रात मी ते बनवून लिहिलं. डॉक्टर आले सकाळी, नाडी बघितली, कागद लिहिला आणि गेले. कुणी जागं असतं तर काय झालं असतं ते त्यांना कुणी विचारलंच न्हाई. मी बी न्हाई विचारलं. काय सांगतील ह्याची भीती होती.

थांब. अजून हाय.

मी तिथं आलतो. अकरा वाजून दहा मिनिटांनी. तुळजाबाईची खिडकी रस्त्याकडं हाय, तिच्या फळ्यांच्या फटीतून बघितलं. चिमणी जळत होती. तू भिंतीला टेकून बसलतीस, मान खांद्यावर, तोंड थोडं उघडं. माझ्या जन्मात मी तुला असं बघितलं नव्हतं. तू हलत नव्हतीस. मला इतका आनंद झाला की मी तिथंच वहीत लिहिलं. तुळजाबाई लोडाला टेकून बसलती, तिचा श्वास वाजत होता, तो मी ऐकला. ऐकला आणि घरी आलो.

परत दोन वाजता आलो. तू तशीच. फक्त हात मांडीवरून खाली पडलता. मी फक्त तुझ्याकडंच बघितलं. तुळजाबाईकडं बघितलंच न्हाई. तिचा श्वास वाजत होता का न्हाई ते मला माहीत न्हाई. किती वेळ आठवायचा प्रयत्न करतोय, कान लावून बसतो, पण ऐकूच येत न्हाई. ती तवा गेलेली होती, का जायला लागलती, का नुसती शांत होती, हे मला मरेस्तोवर कळणार न्हाई. वहीत त्या जागी लिहिलंय, "गाढ झोप."

सहाला तू घरी आलीस आणि अप्पांना म्हणलीस, "मी झोपले. तिच्या तोंडात पाणी घालायला कुणी नव्हतं." एवढंच म्हणलीस. जाणाऱ्याच्या तोंडात शेवटचं पाणी पडलं न्हाई तर माणूस तहानलेलं जातं, हे तूच मला शिकवलंस. मी अंथरुणात होतो. झोपेचं सोंग घेतलतं.

तिसऱ्या दिवशी तुळजाबाईचा मुलगा हनुमान आणि सत्यभामावैनी उसाच्या फडावरून आले. पुतण्यानं अग्नी दिलता तोवर. वैनी तुझ्या गळ्यात पडली, म्हणली, आत्या होत्या म्हणून आमी बिनघोर गेलतो.  मी पाण्याचा तांब्या घेऊन मागं उभा होतो.

आता शेवटचं. तीस जानेवारीला आमच्याकडं कॉलेज-कॉलेजची प्रोजेक्ट स्पर्धा होती. तू कड्याला जाऊन पाच दिवस झालते. मी तुझे हरभरे, तुझ्या चौदा रात्री आणि ती एक रात्र एका तक्त्यावर लावली. नाव न्हाई टाकलं. "एक महिला, वय ५१" असं लिहिलं. अंदाजानं साडेनऊ ते साडेपाच, अखंड झोप. परीक्षक म्हणले, खेड्यात राहून असं निरीक्षण म्हणजे कमाल हाय. दुसरा नंबर आला. त्यांनी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं मी अशी फाडफाड दिली. कुणी विचारलं न्हाई की त्या रात्री ती बाई कुठं होती.

आणि हे बी खरं हाय की त्यातलं मला काहीच सिद्ध करता येत न्हाई. तुझ्या डोक्यातलं गाबा मी कुठं मोजलंय? ते मोजायचं यंत्र मी फोटोत बी नीट बघितलेलं न्हाई. ही गोळी कुणालाबी झोपवते. भामाबाईला दिली असती तर ती बी झोपली असती. बावीस वर्षांमागं तुझे मालक तीन महिने अंथरुणाला होते आणि तू त्यांच्या उशापाशी बसून होतीस, तिथून तुझी झोप गेली, हे सगळ्या गावाला माहीत हाय. मी पानभर प्रश्न लिहिलते, पण हे तुला एकदा बी विचारलं न्हाई.

माफी माग असं आतून कुणीतरी म्हणतंय. पण माफी मागितली की तुला ती द्यावी लागंल. म्हणून मागत न्हाई.

वीरेश


कडा, १२ मार्च १९९९

चि. वीरेश यास आशीर्वाद.

तुझी तिन्ही पत्रं पोचली. पहिलं वाचून राग आला. दुसरं धाकटीला वाचायला दिलं न्हाई. तिसरं चार दिवस पदरात घेऊन फिरले.

तू बाजेवर होतास हे मला आठवत होतं. गोळीचं माहीत नव्हतं.

आता माझं ऐक. त्या पहाटे डोळे उघडले तर अंग पिसासारखं झालतं. डोक्यात कसलाच आवाज नव्हता. मला वाटलं मी न्हाणीतनं आलेली पोर हाय. तुळजाबाईकडं बघायच्या आधी मला बरं वाटलं. किती वेळ ते सांगता येत न्हाई. मंग बघितलं. बघितल्यावर बी ते बरं वाटणं लगेच गेलं न्हाई. तिचे डोळे मी झाकले, तोंडात पाणी घातलं, ते बाहेर आलं, आणि तवा बी माझं अंग हलकंच होतं. ह्याची लाज घेऊन मी कड्याला आले. तुझ्या गोळीनं ती जात न्हाई. तू म्हणतोस माझा दोष न्हाई. झोपले त्याचा नसंल. बरं वाटलं ते माझंच होतं.

गोळीचं नाव मला लिहू नको. लिहिलंस तर मी आणवीन.

हनुमानची टोळी इथंच कारखान्याच्या उसात हाय. पहाटे तीनला ते फडात जातात. मी अडीचला त्यांच्या पाचटाच्या झोपडीवर, कोपीवर जाते आणि सत्यभामेचं आठ महिन्यांचं लेकरू घेऊन बसते. एवीतेवी जागीच असते. ती मला अजून आत्या होत्या म्हणून असंच म्हणते. ते मला ऐकवत न्हाई. पण मी सांगितलं तर मी तुझ्यावर ढकलल्यासारखं होईल. तिला तूच सांग. पत्रानं न्हाई, तिला वाचता येत न्हाई. तोंडानं सांग.

भीमाशंकरला मी काही कळवणार न्हाई. ते तुझं तू बघ.

दानम्मा


कडा, २१ मार्च १९९९

आत्या,

मी कड्यातच हाय. स्टँडवर बसून लिहितोय. हे पत्र मी तुझ्या हातात देणार हाय आणि तू वाचेस्तोवर बाहेर उभा राहणार हाय. तुझ्या तोंडाकडं बघून हे सांगता येणार न्हाई, म्हणून.

पाडव्याला घरी गेलतो. अप्पांना सांगितलं. ते गुढी उतरवत होते. ऐकून त्यांनी काठी भिंतीला लावली, साडीची घडी घातली, आणि म्हणले, "ती पंधरा दिवस माझ्यासमोर जेवत न्हवती, मला वाटलं दातं दुखायलेत." मंग दुकानात गेले. मला मारतील असं वाटलं होतं. अजून माझ्याशी बोलले न्हाईत. मेडिकलवाल्याला बी सांगितलं. त्यानं उद्यापासून येऊ नको म्हणलं. स्पर्धेचं सर्टिफिकेट सरांकडं परत दिलं. सर म्हणले, असं परत घेता येत न्हाई, ठेव तू. ते माझ्याकडंच हाय.

गोळीचं नाव मी लिहीत न्हाई. तिची सवय लागते, आणि मंग तिच्याशिवायची रात्र आधीपेक्षा वाईट जाते, हे मला तवाबी माहीत होतं. नगरला झोपेचं आणि मेंदूचं बघणारे एक डॉक्टर हायत. तुला यायचं असलं तर मी घेऊन जातो. ते जे विचारतील ते तू सांग, मी बाहेर बसतो. तुला झोप पायजे असणं ह्याच्यात लाजण्यासारखं काही न्हाई असं लिहायलतो, पण मी कोण ते ठरवणारा. तुझ्या झोपेबद्दल माझं आधीच लई ठरवून झालंय.

सकाळी नऊला उतरलो आणि विचारत विचारत फडात गेलो. हनुमान उसाची गाडी घेऊन कारखान्यावर गेलता. सत्यभामावैनी एकटीच त्या कडंला तोडत होती. मला बघून तिला वाटलं गावाकडं काही झालं. म्हणलं, सगळे बरे हायत. मंग हसली, घागरीतलं पाणी दिलं. मी पिलो. तांब्या रिकामा केला आणि मंग सांगायला लागलो. आधी सांगायला पायजे होतं, पाणी नंतर.

सगळं सांगितलं. दूध, भामाबाई, बाज, खिडकी. गोळीचं सांगताना मी परत ब्रेक आणि केमिकलवर गेलो, तर ती म्हणली, "ते राहू द्या." ती मोळी बांधत होती, उसाच्या शेंड्याच्या पाल्याची, वाढ्याची पेंड पिळून गाठ मारत होती. गाठ मारून झाली तरी हात तिथंच ठेवला.

पहिलं तिनं तुझंच विचारलं. म्हणली, "आत्यांना हे माहीत हाय?" मी हो म्हणलं. म्हणली, "म्हणून त्या माझ्याशी बोलत न्हाईत होय. मला वाटलं, आमी हिथं राहतो ती जागा त्यांना घाण वाटते." तिला रडू येईल असं मला वाटलं होतं. आलं न्हाई. तिनं पदरानं तोंडावरचं कुसळ झाडलं आणि खाली बघून म्हणली, "अकराला म्हातारी चांगली होती म्हणता?"

"श्वास वाजत होता," मी म्हणलं.

"आणि दोनला?"

"दोनला मी बघितलं न्हाई."

 शेजारच्या सरीत कोयते चालू होते. मंग तिनं माझ्याकडं बघितलं आणि विचारलं. ते विचारलेलं तुला जसंच्या तसं लिहितो.

"वीरेशभाऊ, तुमी तर जागेच होते. दोनदा आलते. मंग आत येऊन तुमीच कावून न्हाई बसले?"

आत्या, मी तुला तीन पत्रं लिहिली. काय काय कबूल केलं. तुला थांबवलं न्हाई म्हणून, खोटं बोललो म्हणून, हसलो म्हणून. पण हे मला एकदा बी सुचलं न्हाई. दार नुसतं लोटलेलं होतं. तुला झोपू द्यायचं आणि तुझ्या जागी आपण बसायचं. त्यात माझा प्रयोग बी मोडला नसता. तू झोपलीच असतीस, वहीत साडेपाचपर्यंतचं लिहून झालं असतं, आणि म्हातारीपाशी कुणीतरी असतं. दोन मिनिटांचं काम होतं. माझ्या डोक्यात ती जागाच नव्हती. लोकांपाशी बसायचं काम तुझं, आणि बघून लिहायचं काम माझं, असं मी कधी धरून चाललो ते मला बी कळलं न्हाई.

वैनीनं बांधलेली मोळी उचलून बाजूला टाकली. 

म्हणली, "आत्यांना सांगा, उद्या पहाटे नका येऊ. आता त्यांनी यायचं कारण न्हाई. माझी जाऊ येतीय आज, ती बघंल लेकराला. पण सांच्याला जेवायला या म्हणावं. भाकरी करते."

मी म्हणलं, "वैनी, उद्या पहाटे मी येतो. लेकरापाशी मी बसतो."

ती म्हणली, "न्हाई."

रागानं न्हाई. हळू म्हणली. मंग कोयता उचलला, सरीत वाकली, आणि पुढचा ऊस बुडापाशी धरला.

वीरेश